रस्ता कुणासाठी बांधला होता?

परदेशात सायकलवर फिरायला जायचे, तर कुठे जावे? गेले तीन-चार महिने हा प्रश्न आमच्या मित्रमंडळात आणि आमच्या घरातही सारखा घोळतो आहे. मित्रमंडळ म्हणजे आम्ही चार निवृत्त माणसे, वय वर्षे ६७ ते ७४. पावसाळा सोडला तर रोज सकाळी भुईगाव, गास, निर्मळ, आगाशी अशी पंधरा-वीस किलोमीटर सायकल मारतो, वाटेत चहा पितो आणि उन्हे तापायच्या आत घरी येतो. आयुष्यात एकदा तरी परदेशातल्या एखाद्या सुंदर रस्त्यावर आठवडाभर सायकल चालवावी, अशी इच्छा एकाने बोलून दाखवली आणि बाकीच्या तिघांच्याही ती मनात होती असे निघाले.

मग सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. जर्मनीतला भाचा म्हणाला, "मामा, डॅन्यूब नदीच्या काठाने चला." पुण्याच्या पुतणीने इटलीतल्या स्टेल्व्हिओ घाटाचा फोटो पाठवला. डोंगरावर कुणी दोरी टाकून दिली आहे असे वाटावे इतकी त्यात वळणे! जपानात नोकरी करणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्याने समुद्रावरच्या पुलांची चित्रे पाठवली. सौ.चे म्हणणे अगदी थोडक्यात होते, "ह्या वयात पडलात तर तिथे कोण बघणार?" चारही सल्ले आपापल्या जागी बरोबरच आहेत.

पण मंडळी, फोटो बघून जागा ठरवायची म्हणजे मासळी लांबूनच बघून घेण्यासारखे आहे. कल्ले उघडून बघावेच लागतात. फोटोत वारा दिसत नाही, चढ दिसत नाही आणि मागून हॉर्न वाजवत येणारा ट्रक तर मुळीच दिसत नाही. मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे कुठलीही वस्तू समोर आली की ती कुणी आणि कशासाठी केली हे विचारायची सवय जडली आहे. तोच प्रश्न मी ह्या रस्त्यांना विचारून पाहिला : बाबा रे, तुला कुणासाठी बांधले? आणि गंमत म्हणजे कुठे जावे ह्याचे उत्तर मला त्यातूनच मिळाले.

आधी आपल्या मुंबईकरांपासून सुरुवात करू. १९२० साली मुंबईत ओव्हल मैदानावर एका फ्रेंच माणसाचे भाषण झाले. तो युरोपातून पायी हिंदुस्थानात आला होता. ते ऐकून काही पारशी तरुणांच्या डोक्यात पृथ्वीप्रदक्षिणेचे वेड शिरले. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा तरुण सायकलींवर निघाले. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे ही फेरी पुरी करून मार्च १९२८ मध्ये मुंबईला परतले. बाकीचे तिघे वाटेत गळाले. साधारण ७१,००० किलोमीटर! इराण, इराक, सीरियाचे वाळवंट, सिनाई, युरोप, अमेरिका, जपान, कोरिया, चीन, ब्रह्मदेश असा तो मार्ग. जवळ होकायंत्र आणि जगाचा नकाशा. त्यांनी १९३१ साली आपल्या प्रवासाचे पुस्तकही काढले.

त्यांच्या पाठोपाठ १९२४ साली फ्रामरोझ दावर निघाला. वाटेत भेटलेला एक ऑस्ट्रियन सायकलस्वार त्याचा सोबती झाला आणि सहारा, अँडीज, अ‍ॅमेझॉनचे जंगल करत सात वर्षांनी तो परत आला. १९३३ साली केकी खरास, रुस्तम गांधी आणि रतन श्रॉफ असे आणखी तिघे निघाले, ते १९४२ साली परतले. तेव्हा जगात दुसरे महायुद्ध चालू होते.

ह्या मंडळींनी जागा कशी निवडली? निसर्गसौंदर्य बघून तर नक्कीच नाही. रस्ता कुठे आहे, पाणी कुठे मिळेल, कुठल्या सरकारचा परवाना मिळेल आणि रात्री डोके टेकायला कोण देईल, एवढेच प्रश्न त्यांच्यापुढे होते. वाळवंट सुंदर आहे म्हणून ते वाळवंटात गेले नाहीत, ते वाटेत आले म्हणून गेले.

आजचे आपले मोठे सायकलपटूही दृश्य बघून मार्ग ठरवत नाहीत. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन ह्या बंधूंनी २०१५ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांत मिळून पुरी केली. तिथला मार्ग आयोजकांचा. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ साली, वयाच्या विशीत, सुमारे २९,००० किलोमीटर सायकल १५९ दिवसांत चालवली. तिचा मार्ग विक्रमाच्या नियमांनी बांधलेला. इतके अंतर हवे, दिशा एकच हवी, पृथ्वीच्या पाठीवरचे एकमेकांच्या नेमके विरुद्ध असे दोन बिंदू गाठायला हवेत. अशा माणसांना दंडवत घालावा, पण आपल्या सहलीसाठी त्यांच्याकडून मार्ग उसना घेऊ नये. आपल्याला ना विक्रम करायचा आहे ना पृथ्वीप्रदक्षिणा. आपल्याला सुट्टी हवी आहे.

सायकलवरून 'देखावा बघायला' जाणे ही कल्पनाच मुळी फार जुनी नाही. इंग्लंडमध्ये १८७८ साली सायकल प्रवाशांचा एक क्लब निघाला. ह्या क्लबाने केलेल्या पहिल्या लोकोपयोगी कामांपैकी एक कोणते? तर उभ्या उतारांच्या माथ्यावर लोखंडी पाट्या लावणे, की सायकलस्वारांनो, हा उतार धोक्याचा आहे! तेव्हाच्या उंच चाकाच्या सायकलींना धड ब्रेक नव्हते, गिअर तर नव्हतेच. ज्या टेकडीचा आज फोटो काढतात ती टेकडी तेव्हा टाळायची गोष्ट होती.

डोंगर सुंदर झाला तो गिअरमुळे, असे मी म्हटले तर कवी मंडळी रागावतील. पण सायकलस्वारापुरते ते खरे आहे. फ्रान्समध्ये सँतेतिएन गावी पॉल द व्हिव्ही नावाचा एक गृहस्थ होता. व्यवसाय रेशमाचा आणि नाद सायकलचा. १८५३ चा जन्म. ह्याने सायकलचे एक मासिक चालवले आणि गिअरचा आयुष्यभर प्रचार केला. त्याचे म्हणणे असे की शर्यत वेगळी आणि प्रवास वेगळा, प्रवाशाने दमून मरायचे कारण नाही. उलट 'टूर द फ्रान्स' ही प्रसिद्ध शर्यत सुरू करणारे देग्रांज म्हणत की गिअर ही पंचेचाळिशी उलटलेल्यांची सोय आहे. (आम्ही चौघे ती उलटून पंचवीस-तीस वर्षे झाली, म्हणजे आम्हाला दुप्पट गिअर लावायला हरकत नाही!) १९१० साली ह्या शर्यतीत पिरेनीज पर्वतातले मोठे घाट आले. पण शर्यतीत आजच्यासारखे गिअर वापरायला परवानगी मिळाली ती १९३७ साली.

आपल्याकडे ह्याची आठवण बोरघाटात आहे. जुन्या मुंबई-पुणे सायकल शर्यतीत घाट सर्वांत आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणत. हा घाटरस्ता गव्हर्नर माल्कम ह्यांच्या काळात १८३० साली गाड्यांसाठी खुला झाला. बैलाला गाडी ओढत चढता यावे, इतपतच चढ त्या काळच्या अभियंत्याला ठेवता येई. लक्षात घ्या, बैलाला झेपणारा चढ माणसाच्या पायालाही झेपतो. म्हणून जुने घाटरस्ते सायकलला मानवतात. नवा द्रुतगती मार्ग २००२ पर्यंत पुरा झाला आणि त्यावर सायकलला प्रवेशच नाही. तो इंजिनासाठी बांधलेला आहे. रस्ता कुणासाठी बांधला, ह्या प्रश्नाचे महत्त्व इथे लगेच कळते.

आता हीच फूटपट्टी परदेशातल्या रस्त्यांना लावून पाहू.

पुतणीने पाठवलेला स्टेल्व्हिओ घाट १८२० ते १८२५ ह्या काळात बांधला गेला. तेव्हा मिलानचा मुलूख ऑस्ट्रियाच्या बादशहाच्या ताब्यात होता आणि तिथे व्हिएन्नाहून लवकर पोचता यावे म्हणून कार्लो दोनेगानी ह्या अभियंत्याकडून हा रस्ता करवून घेतला. उंची २,७५० मीटरच्या वर. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दीडपटीहून जास्त. प्रातो गावाकडून चढायचे तर २४ किलोमीटरचा सलग चढ आणि ४८ वळणे. वळणे एवढी का? कारण तोफा आणि सामानाच्या गाड्या ओढणाऱ्या घोड्यांना सरळ चढता येत नाही. म्हणजे फोटोतली ती सुंदर दोरी ही साम्राज्याची गरज होती. आज हिवाळाभर तो बर्फाने बंद असतो आणि उन्हाळ्यात मोटारसायकलींनी गजबजतो. पुतणी तिशीची आहे, तिने जरूर जावे. काकाने फोटो बघून समाधान मानावे.

काही रस्ते मात्र निव्वळ बघण्यासाठीच बांधले गेले. फ्रान्समधल्या प्रवासी क्लबाने १९०९ साली कल्पना मांडली की आल्प्सच्या उत्तरेकडच्या सरोवरापासून दक्षिणेच्या भूमध्य समुद्रापर्यंत डोंगराडोंगरांतून एक मार्ग असावा. त्यातला इझरान हा सुमारे २,७७० मीटर उंचीचा घाट १९३७ साली खुला झाला. ऑस्ट्रियातला ग्रोसग्लोकनरचा रस्ता १९३५ चा. हे रस्ते मोटारी घेऊन येणाऱ्या हौशी माणसांसाठी केलेले आहेत. जिथे उत्तम देखावा तिथे थांबायला जागा आणि जिथे थांबायला जागा तिथे मोटारी. देखाव्यासाठी बांधलेल्या रस्त्यावर देखावा बघायला आलेल्यांचीच गर्दी, हा त्यातला विनोद आहे.

भाच्याच्या डॅन्यूबची गोष्ट वेगळी. नदीतून प्रवाहाविरुद्ध नावा न्यायच्या तर पूर्वी काठावरून घोडे त्यांना दोराने ओढत. त्या घोड्यांसाठी नदीच्या अगदी कडेने वाट केलेली होती. आगबोटी आल्या, घोडे गेले, वाट राहिली. जर्मनीतल्या पासाऊपासून व्हिएन्नापर्यंतचा सुमारे ३२० किलोमीटरचा आजचा सायकलमार्ग बऱ्याच अंशी ह्या जुन्या वाटेवरून जातो. नाव ओढणाऱ्या घोड्यासाठी केलेली वाट सपाट असणारच! शिवाय आपण प्रवाहाबरोबर खाली जाणार. आमच्या वयाला हे फार मानवणारे आहे. मी जवळजवळ ह्यावरच शिक्का मारणार होतो.

पण त्याआधी हॉलंड-बेल्जियमचाही विचार झाला आणि तिथे मला जे वाचायला मिळाले त्याने मी थोडा अस्वस्थ झालो. हॉलंडमध्ये सायकली पूर्वीपासून असल्या तरी युद्धानंतर तिथेही मोटारींनी रस्ते व्यापले होते. १९७१ साली त्या छोट्या देशात रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली, त्यात चारशेहून अधिक लहान मुले होती. लोक रस्त्यावर उतरले, 'मुलांच्या हत्या थांबवा' अशी चळवळ उभी राहिली. १९७३ साली तेलाचा तुटवडा आला आणि काही रविवार मोटारी बंद ठेवाव्या लागल्या. त्यानंतर वर्षानुवर्षे खपून त्यांनी सायकलींचे वेगळे रस्ते केले. शेजारच्या बेल्जियममध्ये लिंबर्ग प्रांतात १९९५ साली आणखी एक साधी युक्ती निघाली. सायकलरस्ते जिथे एकमेकांना मिळतात त्या प्रत्येक ठिकाणाला क्रमांक द्यायचा. सकाळी चिठ्ठीवर पाच-सहा आकडे लिहून घ्यायचे आणि पाट्या बघत जायचे. ही कल्पना खाणीत काम केलेल्या ह्यूगो बोलेन नावाच्या अभियंत्याची. नकाशा नको, रस्ता विचारायला भाषाही नको!

अस्वस्थ का झालो? कारण ज्यासाठी आम्ही एवढा खर्च करून परदेशी निघालो आहोत, ते काही वर्षांपूर्वी आमच्या दारात होते. साठीच्या दशकातली वसई ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको. ज्यांनी पाहिली नाही अशा भाचे-पुतण्यांसाठी सांगतो. दोन्ही बाजूंना केळीच्या, पानवेलीच्या आणि फुलांच्या वाड्या, मध्येच एखादे बावखल, त्यात पडलेली माडांची सावली, आणि ह्या सगळ्यातून जाणारा अरुंद रस्ता. तो रस्ता मुळात बैलगाडीचा. वाडीतला माल स्टेशनावर पोचवायचा, एवढेच त्याचे काम. त्यावरून पहाटे दुधाच्या किटल्या, भाज्यांच्या पाट्या, केळीचे लोंगर सायकलींवर लादून माणसे स्टेशन गाठत. आम्ही पोरे तासावर भाड्याची सायकल आणून दांड्याखालून पाय घालत हाप पायडल मारायला शिकलो ती ह्याच रस्त्यांवर. पुढच्या दांड्यावर धाकटा भाऊ, मागे कॅरियरवर दप्तर. मोटार आली की आम्ही थांबून बघत असू, इतकी ती दुर्मीळ. कुणी आम्हाला 'सायकलिंग डेस्टिनेशन' म्हटले नाही, पण होतो खरे.

आजही गास-निर्मळ-आगाशीच्या बाजूला त्याचे तुकडे शिल्लक आहेत. म्हणून तर आम्ही सकाळी लवकर निघतो. आठ वाजले की टँकर, रिक्षा आणि बसगाड्या सुरू होतात आणि मग म्हाताऱ्या माणसाने सायकल हातात धरून चालणे श्रेयस्कर. शाळेतली मुले सायकलवर फारशी दिसत नाहीत. आईबाप सोडत नाहीत आणि त्यांचे चुकत नाही. रस्ता तोच आहे, पण कुणासाठी आहे हे बदलले.

तेव्हा मला कळले की आम्ही शोधतो आहोत तो नुसता देखावा नव्हेच. जिथली माणसे रोजच्या कामाला सायकल वापरतात आणि जिथला रस्ता त्यांच्यासाठी केलेला आहे, अशी जागा आम्हाला हवी आहे. देखावा त्यावर आपसूक येतो.

ही कसोटी लावल्यावर माझ्या विद्यार्थ्याच्या चित्रांकडे मी पुन्हा बघितले. जपानच्या मुख्य बेटावरचे ओनोमिची आणि शिकोकू बेटावरचे इमाबारी ह्या दोन गावांमध्ये सहा बेटे आहेत. पूर्वी ह्या बेटांवरचे लोक होड्यांतून ये-जा करत. मग एकेक पूल होत गेला. पहिला १९७९ साली, आणि १९९९ साली शेवटचे पूल होऊन सगळा मार्ग जोडला गेला. ह्या मार्गाला शिमानामी काइदो म्हणतात. मोटारींचा रस्ता वेगळा आणि पुलांवर सायकलींची, पायी चालणाऱ्यांची आणि छोट्या स्कूटरींची वाट वेगळी. बेटावरच्या लोकांना रोज ये-जा करता यावी म्हणून. सायकलमार्गाची एकूण लांबी सुमारे ७० किलोमीटर. तरणीताठी माणसे ती एका दिवसात कापतात. आम्ही तीन दिवस घेणार.

पूल समुद्रापासून उंच आहेत, कारण खालून जहाजे जातात. म्हणजे प्रत्येक पुलाला चढ आलाच. पण सायकलसाठी केलेले चढरस्ते वळसे घेत जातात आणि त्यांचा चढ सुमारे तीन टक्के ठेवलेला आहे. म्हणजे शंभर मीटर गेल्यावर तीन मीटर वर. आपल्याकडच्या एखाद्या उड्डाणपुलापेक्षाही सोपा! रस्त्यावर कडेने निळी रेघ आखलेली असते, ती धरून जायचे. सायकली तिथेच भाड्याने मिळतात आणि एका ठिकाणी घेतलेली सायकल दुसऱ्या ठिकाणी परत करता येते. विजेवर जोर देणाऱ्याही मिळतात, आमच्यातल्या गुडघेदुखीवाल्याने आधीच तिच्यावर नाव लावले आहे. बॅगा एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामी पोचवणारी सेवा जपानभर आहे. आणि आमच्यासारख्यांना सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तिथे वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात. युरोपात उजवीकडून जायचे म्हणजे साठ वर्षांची सवय मोडायची. आणि घाबरल्यावर माणूस जुन्या सवयीवरच जातो.

ही बेटे दिसायला कशी आहेत? लिंबू-संत्र्यांच्या बागा, छोटी बंदरे, मासेमारी, म्हातारी माणसे. म्हणजे थोडक्यात जुनी वसई! त्यात इतिहासही आपल्या ओळखीचा निघाला. चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी ह्या सामुद्रधुन्यांवर मुराकामी घराण्याच्या आरमाराचा दरारा होता. जाणाऱ्या जहाजाकडून ते जकात घेत आणि तिच्या मोबदल्यात निशाण देत. ते डोलकाठीवर असले की वाटेत कुणी अडवत नसे. आपल्या समुद्रात पोर्तुगीज हेच 'कार्ताझ' नावाच्या परवान्याने करत होते आणि पुढे आंग्रे दस्तके देऊन करू लागले. अर्नाळ्याच्या किल्ल्याकडे बघत वाढलेल्या माणसाला हे परके कसे वाटेल?

पण ज्या गोष्टीने माझा निर्णय पक्का झाला ती आणखी वेगळी आहे. ओनोमिचीच्या पश्चिमेला थोड्याच अंतरावर मिहारा नावाचे गाव आहे. ते नाव मी कुठे तरी वाचले होते, पण आठवेना. मग जुनी टिपणे काढली आणि सापडले. वसईत गोन्सालो गार्सिया हे नाव सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या नावाचे कॉलेज आहे, गासला चर्च आहे. सोळाव्या शतकात, पोर्तुगीज अमलात, वसईत जन्मलेला हा मुलगा. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. पोरवयात तो जेझुइटांबरोबर जपानला गेला आणि जपानी भाषा उत्तम शिकला. मध्ये व्यापार केला, मग मनिलात फ्रान्सिस्कन संघात गेला आणि १५९३ च्या सुमारास दुभाषा म्हणून पुन्हा जपानात आला. तिथला सर्वसत्ताधीश हिदेयोशी ह्याच्यासमोर बोलणी करायची तर भाषा येणारा माणूस हवा होता, तो हा वसईकर. पुढे हिदेयोशीची मर्जी फिरली. जानेवारी १५९७ मध्ये गार्सिया आणि त्याच्या सोबत्यांना क्योतोतून धिंड काढत नेले आणि तिथून ऐन थंडीत जवळजवळ महिनाभर चालवत नागासाकीला नेले. तिथे ५ फेब्रुवारी १५९७ रोजी एकूण २६ जणांना क्रुसावर मारले. १८६२ साली त्यांना संत म्हणून जाहीर करण्यात आले.

त्या सोबत्यांत तोमास कोझाकी नावाचा चौदा-पंधरा वर्षांचा एक जपानी मुलगा होता. वाटेतल्या मुक्कामात त्याने आईला एक पत्र लिहिले. तो मुक्काम होता मिहाराच्या किल्ल्यातला. आज मिहाराचे रेल्वे स्टेशन त्याच किल्ल्याच्या अवशेषांत उभे आहे. म्हणजे आम्ही ज्या किनाऱ्यावरून सायकलीला सुरुवात करणार, त्या किनाऱ्याच्या रस्त्याने आमच्या गावचा एक माणूस सव्वाचारशे वर्षांपूर्वी चालत गेला होता. धर्माने मी त्यांच्यातला नाही. पण शाळेत पस्तीस वर्षे वसईचा इतिहास शिकवताना मी १५३४ चा तह, १७३९ ची चिमाजीअप्पांची मोहीम असे सगळे राजकारण शिकवले. इथून निघून जगाच्या त्या टोकाला जाऊन दुसऱ्यांची भाषा बोलणारा हा साधा माणूस धड्यात नव्हता. तो रस्ता कुठल्याही सहल कंपनीच्या यादीत 'निसर्गरम्य' म्हणून असेल-नसेल, आम्हाला त्याची गरज नाही.

तर मंडळी, ठरले. पावसाळ्याचा जून आणि तुफानांचे ऑगस्ट-सप्टेंबर टाळून ऑक्टोबरच्या अखेरीस जायचे. रेल्वेने फुकुयामा, तिथून ओनोमिची. आधी एक दिवस मिहारा. मग ओनोमिचीहून पहिल्या बेटावर होडीने, कारण तिथला जुना पूल सायकलला अडचणीचा आहे असे सगळेच सांगतात. पुढे तीन दिवस सायकल. आमच्यातला एक शाकाहारी सोडला तर बाकी सगळे मासेखाऊ, त्यामुळे जेवणाची चिंता एकट्यानेच करायची आहे. सत्तरीपुढच्या माणसाला प्रवासविमा महाग पडतो, तो मात्र सर्वांनी काढायचा ही सौ.ची अट मान्य झाली आहे. सराव म्हणून फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या वसई-भाईंदर रो-रो बोटीतून सायकली घेऊन खाडीपलीकडे जायचा बेत आहे.

तरुण वाचकांना एवढेच सांगतो की तुमची जागा तुम्ही निवडा, आमची उचलू नका. पाय दमदार असतील तर स्टेल्व्हिओला जा, लहान मुले बरोबर असतील तर डॅन्यूबला किंवा हॉलंडला जा. पण फोटोच्या आधी रस्त्याला त्याचा इतिहास विचारा. तोफांसाठी केलेला रस्ता, घोड्यासाठी केलेली वाट, मोटारींसाठी केलेला देखावा आणि माणसांसाठी केलेला पूल ह्यांत फरक असतो, आणि तो शेवटी आपल्या मांड्यांना कळतो.

आणि जमले तर एक करा. तिथून परत आलात की आपल्या गावातला एखादा उरलासुरला वाडीतला रस्ता बघा, नगरसेवकाला चार वेळा भेटा, शाळेच्या मुलांना सकाळी तासभर तरी तो मोकळा मिळेल असे काही करता येते का ते पाहा. आम्ही चौघांनी गासच्या बाजूच्या एका रस्त्यासाठी अर्ज लिहायला घेतला आहे. हॉलंडच्या लोकांनाही तो रस्ता आयता मिळाला नव्हता.

शिमानामीवर कुणी सायकल चालवली असेल तर कुरुशिमाच्या लांब पुलावर वाऱ्याचा त्रास कितपत होतो ते अवश्य कळवा. चढाची मला भीती वाटत नाही, वाऱ्याची वाटते.